दुर्बीण स्वीडनमध्ये, तास सोलापुरात

शाळेत ‘रेडिओ दुर्बीण चालवायची’ असे ठरले, की सोलापूरचे पालक आधी विचारतील, मुलांना रात्री किती वाजता आणायचे? आणायचे नाहीच. रेडिओ लहरींना दिवस आणि रात्र सारखीच, ढगही त्यांना अडवत नाहीत. गणिताच्या तासालाही निरीक्षण होते. उपद्रव असतो तो मोबाइल आणि टीव्हीच्या लहरींचा.

हेडफोन लावून ताऱ्यांचे आवाज ऐकायचे, हा आणखी एक समज. ते सिनेमात. इथे पडद्यावर आलेख येतो आणि खरी गंमत त्यातच आहे. स्वीडनच्या ऑन्साला वेधशाळेत ‘साल्सा’ नावाच्या 2.3 मीटर व्यासाच्या छोट्या दुर्बिणी विद्यार्थ्यांसाठी आहेत. नाव नोंदवायचे, वेळ राखून घ्यायची आणि इंटरनेटवरून दुर्बीण वळवायची. आकाशगंगेतला हायड्रोजन 1420.4 मेगाहर्ट्झच्या लहरी सोडतो. पृथ्वीची स्वतःची गती वजा केल्यावर आलेखातला उंचवटा 1420.16 च्या आसपास निघाला, तर तो वायू सेकंदाला सुमारे 50 किलोमीटर वेगाने आपल्यापासून दूर चालला आहे. उंचवटा 1420.4 च्या वर सरकला, तर जवळ येतो आहे. वेगवेगळ्या दिशांचे असे आकडे जमवून आकाशगंगेच्या सर्पिल भुजांचा नकाशा मुलांना स्वतः काढता येतो. दुर्बीण वळवणे सोपे. शिक्षण आहे ते या आकडेमोडीत.

सोलापुरात बसलो म्हणून सोलापूरचे आकाश दिसेल, असेही नाही. दुर्बीण जिथे, आकाश तिथले. ऑन्सालाहून शर्मिष्ठा तारकासमूह कधीच मावळत नाही. पण धनु राशीतले आकाशगंगेचे केंद्र क्षितिजावर जेमतेम चार अंश येते. सोलापुरातून तेच 43 अंशांपर्यंत चढते.

दुरून चालवली म्हणजे लुटुपुटूची, हे तर मुळीच खरे नाही. नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण घ्या. 45 मीटर व्यासाच्या तिच्या 30 अँटेना सुमारे 25 किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. त्यांच्याखाली उभे राहून कोणी आकाश पाहत नाही. सगळे नियंत्रण कक्षातून चालते. तिथली निरीक्षणाची वेळ मात्र संशोधकांचे प्रस्ताव तपासूनच दिली जाते, त्यामुळे शाळेने ती मागण्यात अर्थ नाही. पाहायला मात्र जरूर जावे. 28 फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, ती सर्वांसाठी खुली असते. मुलांना घेऊन जा आणि मोबाइल बंद ठेवा.