स्थिर चेंडू, अस्थिर हात

अहिल्यानगर हे लष्करी छावणीचे शहर. येथील निवृत्तांमध्ये उतारवयातही गोल्फची काठी हाती घेणारे आढळतात. चेंडू स्थिर असतो, घाई कोणीच करीत नाही. तरीही हात कापतो, कारण विचारांना अवकाश मिळतो आणि ॲड्रेनॅलिन वाढते. काठी आवळून धरली की मनगट ताठरते. मूठ सैल ठेवा, संथपणे श्वास सोडा, मगच फटका मारा. श्वास कोंडून जोर लावल्यास रक्तदाब क्षणात चढतो. कंप थांबावा म्हणून बीटा-ब्लॉकरची जादा गोळी मात्र मुळीच घेऊ नका. (स्पर्धात्मक गोल्फमध्ये तर तिला बंदीच आहे!) स्वस्थ बसल्यावरही हात कापत असेल, तर तो केवळ ताण नसावा; घरच्यांनी तपासणीस आणावे. छातीत दडपण आल्यास सराव तत्क्षणी थांबवून रुग्णालय गाठावे.