शिवनाकाठच्या सायकलवाटा : कन्नड, वेरूळ आणि पैठण

व्यापारी कुटुंबाचा दिवस दुकानाच्या गादीवर उजाडतो आणि गादीवरच मावळतो. सकाळी पूजा-दर्शन, मग दुकान, दुपारी हिशेब, सायंकाळी सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाची घाई आणि पुन्हा दुकान. या क्रमात शरीराला चालण्याचे काम उरत नाही. मागच्या पिढीतील व्यापारी कापडाचे गठ्ठे सायकलच्या कॅरियरला बांधून आठवडी बाजार करीत असत. व्यायाम हा शब्द त्यांच्या बोलण्यात क्वचितच येई, पण व्यायाम मात्र रोज घडे. आज घराघरात दोन दोन मोटारसायकली आहेत, आणि चाळिशी ओलांडताच साखरेच्या व रक्तदाबाच्या गोळ्याही आहेत. हा ताळेबंद तोट्याचा आहे, हे सांगण्यास लेखापरीक्षकाची गरज नाही.

कन्नडसारख्या तालुक्याच्या गावाला या बाबतीत निसर्गाने भरभरून भांडवल दिले आहे. शिवना नदीच्या काठी वसलेल्या या गावाच्या उत्तरेस सातमाळा-अजिंठ्याची डोंगररांग आणि दक्षिणेस वेरूळची लेणी आहेत. शिवनेचे पाणी वैजापूर-गंगापूरच्या बाजूने वाहत जाऊन गोदावरीस मिळते आणि पैठणच्या नाथसागरात साठते. नदीचा हा प्रवास डोळ्यांसमोर ठेवला, तर कन्नडच्या सायकलस्वारासाठी चार वाटा सहज निघतात.

पहिली वाट : गावाभोवतीची

नवशिक्याने प्रारंभ गावाजवळच करावा. पहाटे शिवनेच्या काठाने शेतशिवारातील रस्त्यांवर दहा-बारा किलोमीटरचा फेरा मारावा, किंवा अंबाडी धरणाकडे जाऊन परत यावे. सपाट रस्त्यावर साधी सायकलही तासाला बारा ते पंधरा किलोमीटर अंतर कापते. म्हणजे दुकान उघडण्यापूर्वी तासाभरात हे काम आटोपते. महिनाभर असा नेम टिकला की मगच पुढच्या वाटेचा विचार करावा. पहिल्याच रविवारी चाळीस किलोमीटर जाणारे बहुतेक जण दुसऱ्या रविवारी घरीच असतात.

दुसरी वाट : वेरूळ

कन्नडहून हतनूरमार्गे वेरूळ सुमारे तीस किलोमीटर. सराव झालेल्यास हे अंतर दोन-अडीच तासांचे. वेरूळच्या लेणीसमूहात उत्तर टोकाची तीस ते चौतीस क्रमांकाची लेणी जैन आहेत. इंद्रसभा आणि जगन्नाथसभा यांचे कोरीवकाम पाहताना पायांचा थकवा विसरला जातो. डोंगरावर भगवान पार्श्वनाथांची भव्य मूर्ती आहे. चक्रेश्वर नावाच्या श्रावकाने शके ११५६ मध्ये, म्हणजे इसवी सन १२३४-३५ च्या सुमारास, ती स्थापन केल्याचे तेथील शिलालेख सांगतो. मोटारीने येणारा यात्रेकरू अर्ध्या तासात दर्शन घेऊन परततो. सायकलने येणाऱ्यास यात्रा या शब्दातील श्रमांचा अर्थ उमगतो. लेणी मंगळवारी बंद असतात, हे ध्यानात ठेवूनच दिवस ठरवावा.

हा मार्ग मात्र राष्ट्रीय महामार्ग आहे. उसाच्या हंगामात मागे दिवा नसलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि बैलगाड्या अंधारात रस्त्यावर असतात. म्हणून उजाडल्यानंतरच निघावे आणि ऊन चढण्याआधी पोहोचावे. परतीस थकवा वाटल्यास सायकल टेम्पोत टाकून यावी. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

तिसरी वाट : पितळखोरा आणि गौताळा

कन्नडच्या उत्तरेस गौताळा-औट्रम घाट अभयारण्य आहे. १९८६ साली घोषित झालेल्या या अभयारण्याचे क्षेत्र सुमारे २६१ चौरस किलोमीटर असून ते कन्नड आणि चाळीसगाव या दोन्ही बाजूंस पसरले आहे. येथे बिबट्याचा वावर आहे. २०२१ मध्ये तर यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरहून शेकडो किलोमीटर चालत एक वाघ येथवर आला होता. त्यामुळे वनविभागाची परवानगी, दिवसाची वेळ आणि सोबत या तीन गोष्टींशिवाय या वाटेस जाऊ नये.

याच डोंगरात कन्नडपासून साधारण वीस किलोमीटरवर पितळखोऱ्याची बौद्ध लेणी आहेत. रस्ता चढाचा आहे, आणि लेण्यांपर्यंत शेवटी पायऱ्यांनी दरीत उतरावे लागते. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास कोरण्यास प्रारंभ झालेल्या या लेण्यांतील एक गोष्ट व्यापारी वाचकाने अवश्य पाहावी. चैत्यगृहातील खांबांवर दात्यांचे लेख आहेत आणि त्यांत प्रतिष्ठानच्या, म्हणजे आजच्या पैठणच्या, मित्रदेव नावाच्या गांधिकाचा उल्लेख येतो. गांधिक म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी. आजचा गांधी हा शब्द त्याच कुळातला. गोदावरीकाठच्या एका व्यापाऱ्याने दूरच्या या डोंगरात दान दिले, यावरून पैठणहून उत्तरेकडे जाणारी मालाची वाट याच टापूतून जात असावी, असे अनुमान निघते. दोन हजार वर्षांपूर्वीचे व्यापारी ज्या प्रदेशातून बैलांच्या पाठीवर माल लादून गेले, तो प्रदेश त्यांच्या वारसांनी निदान एकदा तरी स्वतःच्या पायांच्या बळावर पाहावा.

कन्नडहून चाळीसगावकडे उतरणाऱ्या घाटास औट्रम घाट म्हणतात. खानदेशात भिल्ल पलटण उभारणाऱ्या जेम्स औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याचे नाव त्यास मिळाले आहे. ऑगस्ट २०२१ अखेरच्या अतिवृष्टीत या घाटात दरडी कोसळून रस्ता बंद पडला होता. पुढे मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने ऑगस्ट २०२३ पासून जड वाहनांना येथे मनाई झाली. त्यामुळे घाट सायकलस्वारांना मोकळा झाला, असा समज करून घेऊ नये. तीव्र उतार, आंधळी वळणे आणि वेगाने येणाऱ्या मोटारी अजूनही आहेत. तरबेज सायकलस्वाराखेरीज कोणी हा घाट सायकलने उतरू नये; मुलांना तर मुळीच नेऊ नये.

चौथी वाट : पैठणचे नदीकाठचे उद्यान

कुटुंबासह जाण्यास सर्वांत योग्य ठिकाण म्हणजे पैठण. सायकली वाहनात घालून पैठण गाठावे आणि तेथे फिरावे. ज्यांना लांबचा पल्ला हवा, त्यांनी छत्रपती संभाजीनगरपासून पैठणपर्यंतचे सुमारे पन्नास किलोमीटर अंतर सायकलने कापावे. रस्ता बहुतांशी सपाट आहे.

जायकवाडी धरणाची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी तत्कालीन पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी यांनी त्याचे उद्घाटन केले. सुमारे दहा किलोमीटर लांबीची भिंत, सत्तावीस दरवाजे आणि १०२ टीएमसीहून अधिक साठवणक्षमता असलेल्या या जलाशयावर हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी उतरतात. धरणाच्या पायथ्याशी गोदाकाठी म्हैसूरजवळच्या वृंदावन उद्यानाच्या धर्तीवर संत ज्ञानेश्वर उद्यान उभारले गेले. निघण्यापूर्वी उद्यान खुले असल्याची चौकशी करावी. धरणाच्या भिंतीवर परवानगीशिवाय जाऊ नये. उद्यानाभोवतीचा परिसर, नाथमंदिर आणि मुनिसुव्रतनाथ भगवंतांचे दिगंबर जैन अतिशय क्षेत्र असा छोटा फेरा मुलांनाही झेपतो.

श्वेतांबर परंपरेतही या गावाला मोठे स्थान आहे. कालकाचार्य कथेनुसार येथील सातवाहन राजाच्या विनंतीवरून आचार्यांनी पर्युषणातील संवत्सरीची तिथी भाद्रपद शुद्ध पंचमीवरून चतुर्थीवर आणली. पंचमीस नगरात इंद्रोत्सव असे आणि राजाला दोन्हीकडे उपस्थित राहणे शक्य नव्हते. मुलांना ही कथा पुस्तकात वाचून दाखवण्यापेक्षा गोदेच्या काठावर बसून सांगितलेली अधिक स्मरणात राहील.

आहार आणि नियम

जैन कुटुंबातील सायकलस्वाराला आपल्या नियमांशी तडजोड करण्याची गरज पडत नाही. नवकारशी करणाऱ्याने सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटांपर्यंत पाणी घ्यावयाचे नसते. म्हणून त्या अवधीत वेग मंद ठेवावा आणि घाम काढणारा चढ नंतर घ्यावा. उकळलेले पाणी घरूनच न्यावे. बाजारातील शक्तिवर्धक गोळ्या व वड्यांत जिलेटिन वा मध असू शकतो. वेष्टन वाचल्याशिवाय त्या घेऊ नयेत. खाकरा, गूळ-फुटाणे, शेंगदाण्याची चिक्की आणि मीठ-साखर घातलेले लिंबूपाणी एवढी शिदोरी तीस-चाळीस किलोमीटरला पुरते. चामड्याऐवजी कृत्रिम आवरणाची सीट घ्यावी. चातुर्मासात रस्त्यावर जीवजंतू फार असतात आणि डांबर निसरडे होते. अहिंसा आणि सुरक्षितता या दोन्ही दृष्टींनी त्या काळात लांबचे फेरे टाळावेत. मधुमेहाचे वा हृदयविकाराचे औषध चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच प्रारंभ करावा. विशेषतः उपवासाच्या दिवशी सायकल बाजूस ठेवावी.

हिशेबाच्या भाषेत बोलायचे, तर घर आणि दुकान यांच्यात रोज सहा किलोमीटर फिरणारी मोटारसायकल वर्षातील तीनशे दिवसांत अठराशे किलोमीटर चालते आणि सुमारे चाळीस लिटर पेट्रोल पिते. सायकलची किंमत या एकाच खात्यातून काही वर्षांत वसूल होते. आरोग्याचे व्याज निराळे.

रस्ता सर्वांचा

या विषयाला एक गंभीर बाजूही आहे. साधु-साध्वीजी अनवाणी पायांनी याच महामार्गांवरून विहार करतात. विहारात वाहनाची धडक बसून झालेल्या अपघातांच्या वार्ता वरचेवर वाचाव्या लागतात आणि समाज हळहळतो. परंतु मोटारीच्या काचेआडून रस्ता पाहणाऱ्यास कडेने चालणाऱ्याचे भय कळत नाही. मागून येणाऱ्या ट्रकचा वारा अंगावर घेतलेल्या सायकलस्वारास ते कळते. कोठे साइडपट्टी खचली आहे, कोणत्या वळणावर दिवा नाही, कोणत्या पुलावर पायी चालण्यास जागा नाही, याची माहिती त्याच्यापाशी असते. ही माहिती लिहून संघाच्या विहारसेवा करणाऱ्या तरुणांना आणि महामार्ग प्रशासनाला दिली, तर रविवारची रपेट ही सेवा ठरते. विहारसमयी मागून परावर्तक पट्ट्यांचे जाकीट घालून, लाल दिवा लावून संथ चालणारी सायकल येणाऱ्या वाहनास दुरूनच सावध करू शकते. अर्थात हे सर्व म. सा. यांच्या अनुमतीने आणि त्यांच्या शांततेस बाध न येता व्हावे.

कोलंबियातील बोगोटा शहरात १९७४ पासून रविवारी काही रस्ते मोटारींना बंद करून सायकलस्वार आणि पादचारी यांना मोकळे केले जातात. कन्नडने तेवढी अपेक्षा धरण्याचे कारण नाही. संघाने महिन्यातून एका रविवारी शिवनेच्या काठाने एक सामुदायिक फेरा ठरवला, प्रत्येक सायकलीस मागचा लाल दिवा आणि प्रत्येक डोक्यावर हेल्मेट सक्तीचे केले, तरी प्रारंभास ते पुरेसे आहे. बऱ्याच घरांच्या माळ्यावर वा गोदामात एक जुनी सायकल धूळ खात पडलेली असते. ती खाली उतरवून दुरुस्तीस टाकण्याचा खर्च या दिवाळीच्या वहीत पहिल्या पानावर लिहिण्याजोगा आहे.