स्मारक नाणे आणि नाटककार : रवींद्रनाथ, शेक्सपिअर व गडकरी

प्रास्ताविक

ठाण्यातील मासुंदा तलावाकाठचे राम गणेश गडकरी रंगायतन आणि कल्याणातील आचार्य अत्रे रंगमंदिर या वास्तू नाटककारांच्या नावे उभ्या आहेत. नाट्यगृह नगरपालिका वा महानगरपालिका बांधू शकते. नाणे मात्र केवळ सार्वभौम सत्ताच काढू शकते. म्हणूनच नाण्यावर नाटककाराचे काय कोरले जाते, हा प्रश्न सांस्कृतिकदृष्ट्या महत्त्वाचा ठरतो. प्रस्तुत लेखात दोन नाटककारांच्या नाण्यांच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

स्मारक नाण्याचे स्वरूप

स्वतंत्र भारतात स्मारक नाण्यांची परंपरा १९६४ साली पंडित नेहरूंच्या नाण्यापासून सुरू झाली. आज २०११ च्या नाणे अधिनियमानुसार नाणी काढण्याचा अधिकार केंद्र शासनाकडे असून एक हजार रुपयांपर्यंतच्या दर्शनी मूल्याचे नाणे काढता येते. स्मारक नाण्यांचे दोन प्रकार दिसतात. काही नाणी व्यवहारात येतात. काही केवळ संग्राहकांसाठी असतात व टांकसाळ ती दर्शनी मूल्याहून अधिक किमतीस विकते.

रवींद्रनाथांचे नाणे

रवींद्रनाथ टागोरांच्या १५० व्या जयंतीनिमित्त २०११ साली ५ व १५० रुपयांची नाणी काढण्यात आली. १५० रुपयांचे नाणे ३५ ग्रॅम वजनाचे असून त्यात ५० टक्के चांदी व ४० टक्के तांबे, तर निकेल व जस्त प्रत्येकी ५ टक्के आहे. नाण्यावर रवींद्रनाथांची मुखप्रतिमा आहे. ‘विसर्जन’ आणि ‘डाकघर’ लिहिणारा नाटककार त्या प्रतिमेतून वेगळा ओळखता येत नाही. त्यांचे ‘प्रकृतिर प्रतिशोध’ हे आरंभीचे पद्यनाट्य कारवार येथे, बंधू सत्येंद्रनाथ तेथे न्यायाधीश असताना लिहिले गेले. मराठी-कोकणी मुलखाशी असलेला हा नाट्यसंबंधही अभ्यासकापुरताच राहतो.

शेक्सपिअरची नाणी

शेक्सपिअरच्या निधनास ४०० वर्षे झाल्यानिमित्त ब्रिटनच्या टांकसाळीने २०१६ साली दोन पौंडांची तीन नाणी काढली. सुखात्मिकांसाठी विदूषकाची टोपी, शोकात्मिकांसाठी कवटी व गुलाब, आणि ऐतिहासिक नाटकांसाठी मुकुट व खंजीर अशी चिन्हे त्यांवर आहेत. येथे नाटककाराच्या चेहऱ्याऐवजी त्याचे नाट्यप्रकार कोरले गेले. पहिल्या पद्धतीत व्यक्तीचा सन्मान होतो. दुसऱ्या पद्धतीत तिच्या कार्याची ओळखही पटते.

गडकरींच्या संदर्भात

गडकरींचा जन्म २६ मे १८८५ रोजी झाला आणि २३ जानेवारी १९१९ रोजी, वयाच्या अवघ्या ३३ व्या वर्षी ते निवर्तले. ‘प्रेमसंन्यास’, ‘पुण्यप्रभाव’, ‘एकच प्याला’ व ‘भावबंधन’ ही चार नाटके त्यांनी पूर्ण केली. ‘राजसंन्यास’ अपुरे राहिले. २०३५ साली त्यांची १५० वी जयंती येईल. रवींद्रनाथांचे नाणे याच टप्प्यावर निघाले, हे लक्षात घेता गडकरींच्या नाण्याची मागणी अप्रस्तुत ठरणार नाही. तशी मागणी झाल्यास मुखप्रतिमेबरोबर ‘एकच प्याला’मधील प्यालाही कोरला जावा. सुधाकराचा अधःपात आणि सिंधूची परवड यांचे मूळ त्या एका वस्तूत आहे.

समारोप

नाणे धातूचे असल्याने टिकते. नाटक मात्र वाचनाने व प्रयोगानेच टिकते. रंगायतनाचे नाव तोंडी असलेल्या विद्यार्थ्याने गडकरींचे एकही नाटक वाचलेले नसेल, तर नाण्यामुळे केवळ आणखी एका नामफलकाची भर पडेल. म्हणून ठाणे, कल्याण व डोंबिवली येथील महाविद्यालयांनी २०३५ पूर्वीच्या काळात गडकरींच्या नाटकांचे अभिवाचन, प्रयोग व संहिताभ्यास हाती घेणे अगत्याचे आहे. मराठी, इतिहास, अर्थशास्त्र व वाणिज्य या विभागांना त्यासाठी एकत्र येता येईल. नाण्याची मागणी अशा अभ्यासातून पुढे आली, तरच तिला अर्थ प्राप्त होईल.