वेदनाशमन : कायदा आणि संकोच

औषध : मॉर्फिन अफूपासून मिळते, जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली मांडलेल्या वेदनाशमनाच्या शिडीत त्याची जागा तिसऱ्या, तीव्र वेदनेच्या पायरीवर.

कायदा : १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यान्वये अनेक परवान्यांत अडकलेले हे औषध २०१४ च्या दुरुस्तीने मान्यताप्राप्त संस्थांना एकाच परवान्यावर मिळण्याची तजवीज झाली. त्या वर्षापर्यंत सरकारी दप्तरांचे हेलपाटे अटळ होते.

भेद : दीर्घ सेवनाने शरीरास जडणारी सवय, जिच्यामुळे मात्रा एकदम न तोडता क्रमाक्रमाने उतरवावी लागते, ती व्यसन नव्हे, नातलगांची गल्लत बहुधा इथेच होते.

संस्था : शांती अवेदना सदन, वांद्रे (१९८६), देशातील पहिले शुश्रूषालय. परळचे टाटा रुग्णालय १९४१ चे.

मापन : शून्य ते दहा अंक, अंक न कळणाऱ्यास, किंवा सुनेसमोर ‘बरं आहे’ म्हणणाऱ्या आजोबांस, चेहऱ्यांचा तक्ता.