वीज जाण्यापूर्वीची मिनिटे : नेटवर्क स्टोरेज सर्व्हरचा परिचय

परभणी येथे १९७२ साली स्थापन झालेल्या आणि आज वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत ज्वारी-कापसाच्या वाणांवर संशोधन होते व शेतकऱ्यांना हवामानाधारित सल्लाही दिला जातो; या कामांचा आधार असलेल्या नोंदी एकदा गेल्या की गेल्याच, कारण सरलेल्या हंगामाचा पाऊस पुन्हा मोजता येत नाही. अशी माहिती अनेक संगणकांना एकाच ठिकाणी ठेवता यावी म्हणून वापरले जाणारे यंत्र म्हणजे नेटवर्क स्टोरेज सर्व्हर, अर्थात ‘नॅस’. ते चालवणे सोपे असते. जपावे लागते ते बंद करताना.

फाइल ‘सेव्ह’ केली की ती त्याच क्षणी डिस्कवर उमटते, हा समज चुकीचा आहे. मजकूर बहुधा आधी मेमरीत, म्हणजे वीज असेपर्यंतच टिकणाऱ्या तात्पुरत्या जागेत साठतो आणि काही सेकंदांनी डिस्कवर उतरतो. त्यातच १९८८ साली बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी मांडलेल्या, अनेक डिस्क एकत्र वापरण्याच्या ‘रेड’ पद्धतीच्या पाचव्या प्रकारात मजकुराबरोबर ‘पॅरिटी’ लिहिली जाते, जिच्या आधारे एक डिस्क निकामी झाली तरी तिच्यावरील माहिती उरलेल्या डिस्कवरून पुन्हा काढता येते. मजकूर लिहून झाला आणि पॅरिटी लिहायची राहिली, अशा क्षणी वीज गेली तर दोहोंचा मेळ तुटतो. हा दोष त्या वेळी दिसत नाही, पुढे कधी डिस्क बदलताना मात्र चुकीची माहितीच खरी म्हणून उभी राहते. सन मायक्रोसिस्टिम्सने घडवलेली ‘झेडएफएस’ ही फाइलप्रणाली जुन्या मजकुरावर न लिहिता नव्या जागी लिहिते, म्हणून तिच्यात हा दोष टळतो. परंतु जे डिस्कपर्यंत पोहोचलेच नाही, ते तिलाही वाचवता येत नाही.

म्हणून बंद करण्याचा क्रम ठरलेला असतो: वापरणाऱ्यांना पूर्वसूचना, उघड्या फाइली व त्यांवर चालणारे प्रोग्राम बंद, मग प्रणालीतूनच ‘शटडाउन’ची आज्ञा, आणि दिवे विझल्यावरच मुख्य वीज बंद. पेटीवरील बटण काही सेकंद दाबून धरणे म्हणजे अनेक यंत्रांत वीज तोडणेच होय.

परभणीत मात्र हा क्रम पाळायला माणूस जवळ असेलच असे नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि वळवाच्या वादळाने वीज जाते तीही याच दिवसांत. वीज गेल्यावर सर्व्हरला काही मिनिटे पुरवठा करणाऱ्या यूपीएसमधील शिसे-आम्लाची बॅटरी सुमारे २५ अंश तापमानासाठी जोखलेली असते आणि त्यापुढे दर आठ-दहा अंशांमागे तिचे आयुष्य जवळपास निम्मे होते; त्यामुळे पडद्यावर दिसणारी वीस मिनिटे प्रत्यक्षात पाचही भरत नाहीत, असे घडू शकते. यूपीएस यूएसबी तारेने सर्व्हरला जोडून वीज गेल्याचा संदेश पोहोचेल अशी व्यवस्था सर्वत्र असावी, आणि बॅटरी संपत आल्यावर नव्हे तर बरीच शिल्लक असतानाच सर्व्हरने स्वतः बंद व्हावे. संदेश नेटवर्कवरून जात असेल तर संगणकांना जोडणारा मधला स्विचही यूपीएसवरच हवा. ही साधी बाब फार वेळा राहून जाते.

पुन्हा सुरू करताना आधी स्विच, मग सर्व्हर, आणि डिस्कसंच पूर्ण उपलब्ध झाल्यावरच इतर संगणक जोडावेत. ज्या कार्यालयांत असे यंत्र आहे त्यांनी एप्रिल संपण्यापूर्वी, बॅकअप घेऊन आणि सर्वांचे काम थांबवून, यूपीएसचा भिंतीवरील प्लग एकदा काढून पाहावा आणि सर्व्हर किती मिनिटांत नीट बंद होतो याची नोंद ठेवावी.