चार्टर पुन्हा पुन्हा का तपासायचं?

काउंटीचं चार्टर म्हणजे तिची छोटीशी राज्यघटनाच. सिअ‍ॅटल ज्या किंग काउंटीत येतं, तिथे निदान दर 10 वर्षांनी ते तपासावंच लागतं. काउंटीचा प्रमुख नागरिकांचा आयोग नेमतो. पण आयोग फक्त शिफारस करतो. ती मतदानाला टाकायची की नाही हे काउन्सिल ठरवतं आणि शेवटचा शब्द मतदारांचा.

आता हे बघा: शेरीफ निवडून द्यायचा, असं 1996 मध्ये मतदारांनीच ठरवलं. 2020 मध्ये त्यांनीच पुन्हा नेमणुकीची पद्धत आणली. म्हणजे पोलीसप्रमुखाने उत्तर कोणाला द्यायचं, थेट लोकांना की त्यांच्या प्रतिनिधींना? हा प्रश्न एकदाच कायमचा सुटत नाही. म्हणून तर ही ठराविक मुदतीची तपासणी.