विश्लेषण : यशस्वी स्टुडिओचे काही चित्रपट दुर्लक्षित का राहतात?

पिक्सार या अमेरिकी स्टुडिओच्या ‘इनसाइड आउट २’ने २०२४ मध्ये जगभरात सुमारे १६९ कोटी डॉलर कमावले. वर्षभराने, जून २०२५ मध्ये, त्याच स्टुडिओचा ‘एलिओ’ प्रदर्शित झाला आणि अमेरिकेत पहिल्या तीन दिवसांत सुमारे २ कोटी १० लाख डॉलरवर थांबला. पिक्सारच्या इतिहासातील ही सर्वांत दुबळी सुरुवात होती. संस्था तीच, तंत्र तेच, जाहिरातीमागे डिस्नेचे बळही तेच. मग एका चित्रपटाला गर्दी आणि दुसऱ्याकडे पाठ, असे का व्हावे?

‘जो चालला नाही तो चांगला नसणार’, हे सर्वांत सोपे उत्तर. परंतु पिक्सारच्या मागे पडलेल्या चित्रपटांची यादी पाहिली तर ते टिकत नाही. त्या यादीत ऑस्कर विजेता चित्रपट आहे. शिवाय परदेशात वाढणारी मुले आणि त्यांचे आईवडील यांच्यातील ताणावर रचलेल्या कथा आहेत. दुबई, शारजा किंवा अबू धाबीत मुले वाढवणाऱ्या मराठी कुटुंबांना ज्या कथा सर्वाधिक जवळच्या वाटल्या असत्या, त्याच त्यांच्यापर्यंत उशिरा, अर्धवट किंवा मुळीच पोहोचल्या नाहीत. याची कारणे चित्रपटाच्या आशयापेक्षा त्याच्या प्रवासात अधिक सापडतात.

भावंडाची सावली म्हणजे काय?

पिक्सारने २०१४ मध्ये एकही चित्रपट प्रदर्शित केला नाही आणि २०१५ मध्ये, स्टुडिओच्या इतिहासात प्रथमच, एकाच वर्षात दोन चित्रपट आणले. जूनमध्ये ‘इनसाइड आउट’ आला. त्याने जगभरात सुमारे ८५ कोटी डॉलर मिळवले आणि पुढे ऑस्करही पटकावले. नोव्हेंबरमध्ये ‘द गुड डायनासोर’ आला. त्याआधी तो २०१४ साठी ठरलेला होता. मात्र निर्मितीच्या मध्यावर दिग्दर्शक बदलला, कथा नव्याने बांधली गेली आणि प्रदर्शन लांबले. परिणामी, ज्या वर्षी स्टुडिओचे सारे कौतुक आधीच एका चित्रपटावर उधळले गेले होते, त्याच वर्षी त्याला प्रेक्षकांसमोर उभे राहावे लागले. त्याची कमाई सुमारे ३३ कोटी डॉलर झाली. निर्मितीखर्चाचा विचार करता पिक्सारचा हा पहिला तोट्यातील चित्रपट मानला जातो.

यशस्वी स्टुडिओची पहिली अडचण येथे दिसते. त्याच्या चित्रपटाची तुलना इतर ॲनिमेशनपटांशी होत नाही. ती त्याच्याच उत्तम कृतींशी होते. सामान्य स्टुडिओने ‘बरा’ चित्रपट केला तर ती प्रगती ठरते. पिक्सारने ‘बरा’ चित्रपट केला की ती घसरण ठरते.

मुख्य चित्रपटासोबत आणखी काय हरवते?

पिक्सार अनेक वर्षे आपल्या चित्रपटापूर्वी एक लघुपट दाखवत असे. ‘द गुड डायनासोर’पूर्वी दाखवला गेलेला लघुपट होता ‘संजय्ज सुपर टीम’. दिग्दर्शक संजय पटेल हे पिक्सारमधील जुने कलावंत. अमेरिकेत मोटेल चालवणाऱ्या गुजराती आईवडिलांच्या घरातील स्वतःचे बालपण त्यांनी जेमतेम सात मिनिटांत मांडले. मुलाला दूरचित्रवाणीवरील अतिमानवी नायक पाहायचे आहेत. वडिलांना त्याने देव्हाऱ्यासमोर बसावे असे वाटते. कंटाळलेल्या मुलाच्या कल्पनेत विष्णू, दुर्गा आणि हनुमान हेच नायक होऊन अवतरतात. परदेशातील भारतीय घरांत रोज संध्याकाळी घडणारा हा प्रसंग. लघुपटाला ऑस्करचे नामांकनही मिळाले. तथापि, ज्या मुख्य चित्रपटाला त्याची गाठ बांधली होती, तोच मागे राहिल्याने चित्रपटगृहातला त्याचा प्रेक्षकही आटला.

तीन वर्षांनी याच्या उलट घडले. डोमी शी यांचा ‘बाओ’ हा लघुपट २०१८ मध्ये ‘इन्क्रेडिबल्स २’पूर्वी दाखवला गेला. टोरांटोतील एका चिनी आईचे एकटेपण आणि घर सोडून गेलेला मुलगा, असा त्याचा विषय. मुख्य चित्रपटाने १२४ कोटी डॉलर ओलांडले, त्यामुळे ‘बाओ’ कोट्यवधी प्रेक्षकांनी पाहिला. पुढे त्याला ऑस्करही मिळाले. दोन्ही लघुपट स्थलांतरितांच्या घरातले, दोन्ही आत्मचरित्राच्या जवळ जाणारे. गुणवत्तेची तुलना ज्याची त्याने करावी; परंतु त्यांच्या प्रेक्षकसंख्येतील अंतरात सोबत कोण होते याचा वाटा मोठा होता.

पडद्याऐवजी ॲप : महासाथीने काय बदलले?

मार्च २०२० मध्ये चित्रपटगृहे बंद होऊ लागली, तेव्हा पिक्सारचा ‘ऑनवर्ड’ नुकताच प्रदर्शित झाला होता. दोन भावांच्या आणि त्यांच्या दिवंगत वडिलांच्या या कथेला अमेरिकेत जेमतेम दोन आठवडे मिळाले. त्यानंतर ती थेट घरच्या पडद्यावर गेली. पाठोपाठ डिस्नेने पिक्सारचे तीन चित्रपट, ‘सोल’ (डिसेंबर २०२०), ‘लुका’ (जून २०२१) आणि ‘टर्निंग रेड’ (मार्च २०२२), अमेरिकेतील चित्रपटगृहांना वगळून डिस्ने प्लसवर आणले. ‘सोल’ने सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचे आणि संगीताचे ऑस्कर जिंकले; मात्र बहुसंख्य प्रेक्षकांनी तो अंधाऱ्या सभागृहात कधी पाहिलाच नाही.

चित्रपटगृहात लागलेला चित्रपट ही एक सार्वजनिक घटना असते. त्याची तारीख असते, फलक असतात, शाळेच्या बसमध्ये चर्चा असते. ॲपवरील चित्रपट हा एका मोठ्या साठ्यातील एक चौकोन असतो आणि पुढच्या आठवड्यात त्या जागी दुसरा चौकोन येतो. पाहणारे लाखो असले तरी सर्वांनी मिळून पाहिल्याची आठवण तयार होत नाही. डिस्नेने २०२४ च्या प्रारंभी हे तिन्ही चित्रपट अमेरिकेतील चित्रपटगृहांत लावले. पण तोवर त्यांचा क्षण निघून गेला होता.

या धोरणाचा दुसरा परिणाम अधिक खोल होता. ‘पिक्सारचा नवा चित्रपट काही दिवसांत घरीच दिसेल’ ही सवय प्रेक्षकांना लागली. त्यानंतर चित्रपटगृहात आलेल्या प्रत्येक नव्या कथेला या सवयीशी झुंजावे लागले.

अमिरातीतील प्रेक्षकांची स्थिती वेगळी कशी?

पहिला फरक वेळेचा. डिस्ने प्लस अमिरातीत सुरू झाले ते ८ जून २०२२ रोजी. म्हणजे वरील तिन्ही चित्रपट अमेरिकेत ज्या सेवेवर आले, ती सेवा तेव्हा येथे नव्हती. अशा देशांत हे चित्रपट चित्रपटगृहांत लावायचे, असे डिस्नेचे धोरण होते. तरीही जगभरची चर्चा ॲपभोवती फिरत असताना, महासाथीच्या निर्बंधांतून सावरणाऱ्या चित्रपटगृहांत ते वेगळ्या वेळी आणि वेगळ्या वातावरणात पाहावे लागले. टोरांटो किंवा न्यू जर्सीतील चुलतभावंडे ज्या चित्रपटाविषयी बोलत होती, तो दुबईतील मुलांसाठी त्याच दिवशी, त्याच रूपात उपलब्ध नव्हता.

दुसरा फरक परवानगीचा. अमिरातीत सार्वजनिक प्रदर्शनापूर्वी प्रत्येक चित्रपटाचे परीक्षण होते. डिसेंबर २०२१ मध्ये येथील माध्यम नियामक कार्यालयाने २१ वर्षांवरील प्रेक्षकांसाठी स्वतंत्र वर्गवारी जाहीर केली आणि चित्रपट आंतरराष्ट्रीय आवृत्तीनुसार दाखवले जातील असे सांगितले. मात्र १३ जून २०२२ रोजी, डिस्ने प्लस सुरू होऊन पाच दिवस होत असतानाच, याच कार्यालयाने पिक्सारचा ‘लाइटइयर’ देशाच्या माध्यम निकषांचे उल्लंघन करत असल्याने त्याला परवानगी नसल्याचे घोषित केले. दोन स्त्रियांच्या संसाराचा आणि त्यांच्या चुंबनाचा त्यातील संक्षिप्त उल्लेख वादाचे कारण ठरला होता. इतर अनेक देशांतही तो प्रदर्शित झाला नाही. पुढे तो डिस्ने प्लसवर आला, तेव्हाही आखाती देशांतील ग्राहकांना तो मिळाला नाही.

या निर्णयाविषयी मते भिन्न असू शकतात. पण ‘लाइटइयर’च्या अपयशाचे खापर केवळ बंदीवर फोडता येत नाही. जेथे तो मुक्तपणे लागला, तेथेही तो अपेक्षेइतका चालला नाही आणि जगभरातील कमाई सुमारे २२ कोटी ६० लाख डॉलरवर थांबली. हा ‘टॉय स्टोरी’तील खेळण्याचा चित्रपट आहे, की ते खेळणे ज्याच्यावरून बनले त्या अंतराळवीराचा, हेच अनेकांना उमगले नाही. ओळखीचे नाव गर्दी खेचते, हा नियमही अशा प्रकारे निरपवाद नाही. त्या नावाने दिलेले आश्वासन चित्रपटाने पाळले नाही, तर तेच नाव ओझे होते.

तिसरा फरक दिनदर्शिकेचा. पिक्सारचे बहुतेक चित्रपट जूनच्या मध्यास येतात, कारण तेव्हा अमेरिकेतील शाळांना सुट्टी लागते. अमिरातीत तेव्हा शाळा सुरू असतात आणि घरोघरी गावी जाण्याची बांधाबांध चाललेली असते. जुलैत कुटुंब पुण्याला किंवा कोल्हापूरला पोहोचेपर्यंत चित्रपट तेथील पडद्यांवरूनही उतरू लागलेला असतो. ‘इनसाइड आउट २’सारख्या परिचित नावासाठी पालक वेळ काढतात. ‘एलिओ’सारखे अनोळखी नाव मात्र ‘परत आल्यावर बघू’ या यादीत जाते, आणि ती यादी सहसा पूर्ण होत नाही.

मोठे नाव नसते तेव्हा काय होते?

येथे अमिरातीतच घडलेल्या एका चित्रपटाचा दाखला उपयोगी आहे. दुबईतील बराजून या स्टुडिओने ‘बिलाल’ हा भव्य ॲनिमेशनपट तयार केला. डिसेंबर २०१५ मध्ये तो दुबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात दाखवला गेला, सप्टेंबर २०१६ मध्ये येथील चित्रपटगृहांत आला आणि अमेरिकेत पोहोचला तो थेट फेब्रुवारी २०१८ मध्ये. दोन वर्षांहून अधिक काळाच्या या अंतरात महोत्सवातील औत्सुक्य विरून गेले होते. अमेरिकेतील कमाई पाच लाख डॉलरपर्यंतही गेली नाही. पिक्सारच्या दुर्लक्षित चित्रपटालाही हजारो पडदे मिळतात. ‘बिलाल’ला ते मिळालेच नाहीत. म्हणजे यशस्वी स्टुडिओचे दुर्लक्षित चित्रपटही तुलनेने भाग्यवान असतात. निदान ते कुठे तरी सापडतात.

दुबळी सुरुवात म्हणजे शेवट असतो का?

नाही, हे ‘एलिमेंटल’ने दाखवून दिले. जून २०२३ मध्ये अमेरिकेत त्याची सुरुवात सुमारे ३ कोटी डॉलरने झाली, तेव्हा बहुतेकांनी तो अपयशी ठरवून टाकला. त्यानंतर प्रेक्षकांनी एकमेकांना सांगत राहून तो जगभरात ४९ कोटी डॉलरच्या पुढे नेला. दिग्दर्शक पीटर सोन हेच ‘द गुड डायनासोर’ अखेर पूर्ण करणारे दिग्दर्शक. त्यांचे आईवडील कोरियातून न्यूयॉर्कला आले आणि त्यांनी ब्रॉन्क्स भागात किराणा दुकान चालवले. चित्रपटातील एम्बरनेही वडिलांचे दुकान सांभाळावे अशी घराची अपेक्षा आहे. तिला मात्र वेगळे काही करायचे आहे. शेवटी ती ज्या रीतीने वाकून वडिलांचा निरोप घेते, ते दृश्य मराठी घराला समजावून सांगावे लागत नाही.

‘एलिमेंटल’ सावरला, कारण तो चित्रपटगृहांत पुरेसे आठवडे टिकला. ‘टर्निंग रेड’ला ती संधीच नव्हती. डोमी शी यांच्या या चित्रपटात टोरांटोतील तेरा वर्षांची मेइलिन आईच्या अपेक्षा आणि स्वतःची आवड यांच्या कात्रीत सापडली आहे. वयात येणाऱ्या मुलीशी काय आणि कसे बोलावे, या प्रश्नापाशी अडखळणाऱ्या पालकांसाठी त्याहून सोयीची सुरुवात क्वचितच मिळेल.

याचा पुढील परिणाम काय?

स्टुडिओ आकडे वाचतात. मे २०२४ मध्ये पिक्सारने सुमारे १४ टक्के कर्मचारी कमी केले. ‘टॉय स्टोरी’चा पाचवा भाग जून २०२६ साठी जाहीर झाला, ‘इन्क्रेडिबल्स’च्या तिसऱ्या भागाचीही घोषणा झाली. परिचित नावांकडे वळणे व्यवहाराच्या दृष्टीने समजण्याजोगे आहे. मात्र पिक्सारमध्ये स्थलांतरितांच्या घरांतील कथा आल्या त्या नव्या, अनोळखी चित्रपटांतून आणि लघुपटांतून. पुढील भागांतून नव्हे. असे चित्रपट थांबले, तर कॅमेऱ्याचा रोख पुन्हा ओळखीच्या खेळण्यांकडे वळेल आणि देव्हारा, दुकान व डम्पलिंगची ती घरे पडद्याबाहेर जातील.

परदेशस्थ मराठी पालकांच्या हाती यातील फारसे काही नाही. परवानगी, प्रदर्शनाच्या तारखा आणि कंपनीचे धोरण इतरत्र ठरते. तरी एक गोष्ट त्यांच्या हाती उरते. मुलांसाठी चित्रपट निवडताना कमाईचा आकडा किंवा पहिल्या आठवड्याचा बोलबाला हा निकष न धरता, कथा कोणाच्या घरातली आहे हे पाहता येते. ऑगस्टच्या उकाड्यात, गावाहून परतल्यानंतरच्या एखाद्या शनिवारी, ‘संजय्ज सुपर टीम’ची सात मिनिटे आणि त्यानंतर ‘एलिमेंटल’ किंवा ‘टर्निंग रेड’ असा बेत करायला काहीच हरकत नाही.